बहुव्रीहि पदवी

सांगलीकडील एका एकत्र कुटुंबांतील थोरल्या सूनबाईंचें पत्र माझ्यापुढें आहे. घरांत तीन भाऊ, त्यांचीं बायकामुलें आणि वयोवृद्ध सासरे. धाकट्या दिरांची मुलगी यंदां बारावी झाली. गणितांत चांगली, वाचनाची आवड, आणि मनाशीं एक निश्चय: 'आंतरराष्ट्रीय अभ्यास व व्यापार' अशा जोडनांवाची पदवी घ्यावयाची, आणि तीहि शक्य तर परदेशांत. मुलीच्या वडिलांचें म्हणणें, सरळ वाणिज्य शाखेंत जाऊन सी. ए. व्हावें. थोरल्या काकांचें म्हणणें, परदेशच पाहावयाचा तर परराष्ट्रसेवेची परीक्षा द्यावी, म्हणजे सरकार स्वतःच्या खर्चानें पाठवील. आजोबा कोणाच्याच बाजूचे नाहींत; ते एवढेंच म्हणाले कीं, नात शिकत असेल तर विहिरीजवळचे दोन एकर विकूं. हे शब्द निघाल्यापासून घरांत कोणी मोकळेपणीं बोलत नाहीं. सूनबाई विचारतात: ही पदवी खरी विद्या आहे, कीं नुसतें भारदस्त नांव? आणि खरी असेल तर ती योजावी कशी?

प्रश्न एका घरचा असला तरी हल्लीं तो अनेक घरांतून उठत आहे. म्हणून खाजगी उत्तर न पाठवितां येथेंच लिहितों. दोन एकरांचा विचार शेवटीं करूं. कारण विद्येचें स्वरूप कळल्याखेरीज तिची किंमत ठरवितां येत नाहीं.

संस्कृत शिकलेल्या माणसाला जोडनांव दिसलें कीं त्याचा विग्रह करण्याची खोड असते. 'अभ्यास व व्यापार' हा उघड द्वंद्व आहे. रामलक्ष्मण, आईबाप, त्याप्रमाणें दोन विषय शेजारीं शेजारीं उभे, दोघांचा मान सारखा. पुष्कळ ठिकाणीं ही पदवी अशी द्वंद्वच असते. सकाळीं एका इमारतींत संयुक्त राष्ट्रसंघाची घटना शिकावयाची, दुपारीं दुसऱ्या इमारतींत ताळेबंद मांडावयाचा. आणि एक अध्यापक काय शिकवितो याची दुसऱ्यास वार्ता नाहीं. दोहोंची सांगड घालावयाची ती विद्यार्थ्यानें आपल्या डोक्यांत घालावी. साधली तर त्याचें नशीब, न साधली तर दोन्ही विषय अर्धवट. दुसऱ्या कांहीं पदव्या कर्मधारय असतात. 'आंतरराष्ट्रीय व्यापार' म्हणजे व्यापारच, फक्त त्याला सीमेपलीकडचें विशेषण लागलेलें. त्यांत गैर कांहीं नाहीं, पण मग राजकारण तोंडीं लावण्यापुरतें उरतें.

आणि तिसरा बहुव्रीहि. पीतांबर म्हणजे पिवळा रंगहि नव्हे आणि वस्त्रहि नव्हे. तें नेसणारा तिसराच. ज्या जोडपदवीचा अर्थ आंतरराष्ट्रीय अभ्यासांतहि नाहीं आणि व्यापारांतहि नाहीं, तर एका तिसऱ्याच पदांत आहे, ती पदवी मला खरी वाटते. हें तिसरें पद म्हणजे पृथ्वीच्या पाठीवरील एखादा विशिष्ट प्रदेश, त्याची भाषा, आणि त्या प्रदेशाशीं होणारा एखादा विशिष्ट व्यवहार. तें जिच्या मनांत नाहीं, तिच्या हातीं दोन अर्ध्या भाकरी येतात, आणि दोन अर्ध्यांची एक होत नाहीं हें स्वयंपाकघरांत वावरणाऱ्या कोणालाहि सांगावें लागत नाहीं.

हें केवळ व्याकरण नव्हे. सर्वांच्या ओळखीची एक वस्तु घेऊं: हापूस आंबा. अमेरिकेनें १९८९ पासून भारतीय आंब्याला दार लावलें होतें. फळमाशी आणि कोयींतील भुंगा आपल्या बागांत शिरेल ही तिकडील लोकांची भीति. सुमारें अठरा वर्षें तें दार बंद होतें. मार्च २००६ मध्यें अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश दिल्लीस आले तेव्हां उभय देशांत अणुशक्तीसंबंधीं मोठा समझोता झाला, आणि त्याच भेटींत आंब्याचाहि विषय निघाला. एप्रिल २००७ मध्यें पहिली खेप गेली. परंतु ती बागेंतून निघून थेट विमानांत चढली नाहीं. तिला आधीं नाशिक जिल्ह्यांतील लासलगांवास जावें लागलें. तेथें भाभा अणुसंशोधन केंद्रानें 'कृषक' नांवाचें किरणप्रक्रियेचें केंद्र उभारलेलें होतें. त्याचा मूळ हेतु कांद्याला मोड फुटूं नयेत हा. तेथें आंब्यांना ठराविक मात्रेनें गॅमा किरण देण्यांत आले, म्हणजे आंत कीड असली तरी तिची पुढें वाढ होऊं नये. हें सर्व अमेरिकेच्या निरीक्षकाच्या देखरेखीखालीं व्हावें अशी अट होती. त्याच सुमारास हार्ले-डेव्हिडसन कंपनीच्या मोटारसायकली भारतांत येऊं देण्याचें ठरलें, आणि वृत्तपत्रांनीं 'आंब्याच्या बदल्यांत मोटारसायकल' अशी त्या व्यवहाराची थट्टाहि केली.

जपाननें २००६ मध्यें आपलें दार उघडलें. पण त्याला किरण नकोत, वाफ हवी. युरोपीय संघानें १ मे २०१४ पासून, म्हणजे ऐन हंगामांत, भारतीय आंबा बंद केला, कारण आलेल्या मालांत फळमाशी सांपडली. इकडे ऊन पाण्याच्या प्रक्रियेची आणि तपासणीची नीट व्यवस्था लागल्यावर २०१५ च्या आरंभीं ती बंदी उठली. फळ एकच, अमेरिकेस किरण, जपानास वाफ, युरोपास ऊन पाणी. धर्मशास्त्रांतील द्रव्यशुद्धीचीं प्रकरणें ज्यानें वाचलीं आहेत त्याला यांत फारसें नवल वाटावयाचें नाहीं.

पुढें २०२० आणि २०२१ या दोन हंगामांत महामारीमुळें अमेरिकेचे निरीक्षक इकडे येऊं शकले नाहींत, म्हणून तिकडची निर्यात बंद राहिली. २०२२ मध्यें ती पुन्हां सुरू झाली. मे २०२५ मध्यें नवी मुंबईंत किरणप्रक्रिया झालेल्या सुमारें पंधरा खेपा अमेरिकेच्या विमानतळांवर अडल्या. आंब्याच्या प्रतीविषयीं तक्रार नव्हती. तक्रार प्रक्रियेच्या दाखल्यासंबंधीं होती. परत आणण्याचा खर्च परवडेना, म्हणून तो माल तेथेंच नष्ट करणें निर्यातदारांस भाग पडलें. कोंकणांतील एखाद्या बागाइतदारानें वर्षभर राखलेल्या झाडांचें फळ कॅलिफोर्नियांत कचऱ्यांत गेलें, आणि तें एका कागदापायीं.

आतां मला सांगावें, हें ज्ञान कोणत्या शाखेचें? केवळ वाणिज्य शिकलेल्याला हिशेब येईल. पण दार कां बंद झालें आणि तें उघडण्याची वेळ कोणती, हें त्याला समजावयाचें नाहीं. केवळ आंतरराष्ट्रीय राजकारण शिकलेला अणुकरारावर तासभर बोलेल. परंतु पेटीमागें भाडें किती, विमा कोणी भरावा, माल नाकारला गेल्यास पैसे कोणाचे बुडाले, हें त्याच्या गांवीं नसेल. जिला अमेरिकेची किंवा जपानची शेतीची नीति ठाऊक आहे, तेथील अधिकाऱ्याचें पत्र ज्या भाषेंत आलें त्याच भाषेंत जी वाचूं शकते, आणि जिला जमाखर्चहि येतो, अशी एखादी मुलगी त्या निर्यातदाराच्या कचेरींत असेल तर तिची किंमत तो बागाइतदार सांगेल. कांद्याच्या व्यापाऱ्यांनाहि हें कळूं लागलें आहे. सरकारनें डिसेंबर २०२३ मध्यें निर्यात बंद केली आणि मे २०२४ मध्यें शुल्क लावून खुली केली. मधल्या पांच महिन्यांत परदेशच्या गिऱ्हाइकांना काय उत्तर द्यावें हा प्रश्न भावाचा नव्हता, संबंधांचा होता.

ही जोडणी नवी आहे असें मात्र कोणी समजूं नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचीं पंधरा अधिकरणें आहेत. दुसऱ्या अधिकरणांत पण्याध्यक्ष, म्हणजे व्यापारी मालावरील अधिकारी, येतो; परदेशचा माल आणणाऱ्यांना सवलती देऊन त्यांना आपल्याकडे कसें ओढावें, आपला माल परराज्यांत पाठवितांना वाटखर्च, जकात आणि भाडें वजा जातां कांहीं उरतें कीं नाहीं हें आधीं कसें पाहावें, याचा विचार तेथें आहे. सातव्या अधिकरणांत संधि, विग्रह, आसन, यान, संश्रय व द्वैधीभाव हे शेजारी राज्यांशीं वागण्याचे सहा मार्ग. एकाच ग्रंथकाराला दोन्ही विषय एकाच शास्त्राचे वाटले. हा ग्रंथ कित्येक शतकें दृष्टीआड होता, म्हैसूरच्या आर. शामशास्त्रींनीं तो १९०९ मध्यें छापून काढला, आणि पुढें रा. पं. कंगले यांनीं सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ति मुंबई विद्यापीठानें १९६० ते १९६५ या काळांत तीन भागांत प्रसिद्ध केली. ज्या घरांत ती असेल त्या घरांतील मुलानें महाविद्यालयांत जाण्यापूर्वी तिचा अभ्यासाचा तिसरा भाग तरी चाळावा.

पश्चिमेकडे हे दोन विषय वेगवेगळ्या दारांनीं विद्यापीठांत आले. आंतरराष्ट्रीय राजकारणाचें पहिलें अध्यासन वेल्समधील अ‍ॅबरिस्टविथ येथें १९१९ मध्यें स्थापन झालें. पहिल्या महायुद्धांत पडलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ, पुन्हां असें युद्ध होऊं नये या हेतूनें, डेव्हिड डेव्हिस यांनीं आपल्या बहिणींसह त्यासाठीं पैसा दिला. तो पैसा त्यांच्या आजोबांनीं कोळशाच्या खाणी आणि बंदर यांतून मिळविलेला होता. म्हणजे शांततेच्या शास्त्राचा पाया व्यापाराच्या पैशानें घातला गेला. दोन्ही विषय समजून उमजून एकत्र आणण्याचा मला ठाऊक असलेला सर्वांत ठसठशीत प्रयत्न अमेरिकेंतील अ‍ॅरिझोना प्रांतांतला. दुसऱ्या महायुद्धांत तेथें थंडरबर्ड नांवाचें वैमानिक शिकविण्याचें मैदान होतें. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्यें, बार्टन यौंट या निवृत्त सेनानीच्या पुढाकारानें त्याच जागीं परदेशी व्यापाराची शाळा निघाली. तिच्या अभ्यासक्रमाचे खांब तीन: व्यापार, परदेशांचा अभ्यास आणि परकी भाषा. पुढें ही शाळा अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठांत विलीन झाली. तथापि ते तीन खांब लक्षांत ठेवण्यासारखे आहेत. भाषा हा तिसरा खांब त्यांनीं सोयीचा म्हणून नव्हे, आवश्यक म्हणून उभा केला होता.

आज परदेशांत ही पदवी अनेक ठिकाणीं मिळते, आणि त्यांच्यांत फरक पुष्कळ. फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत हंट्समन यांच्या नांवाचा एक चार वर्षांचा क्रम आहे. त्यांत आंतरराष्ट्रीय अभ्यासाची एक आणि व्हार्टन या १८८१ पासूनच्या व्यापारविद्यालयाची एक, अशा दोन पदव्या एकदम मिळतात. तेथें एक परकी भाषा नेमून घ्यावी लागते आणि त्या भाषेच्या देशांत निदान एक सत्र राहावें लागतें. शिवाय ती भाषा प्रवेशाच्या वेळींच मध्यम प्रतीची यावी अशी अपेक्षा असते. डेन्मार्कच्या कोपनहेगन बिझनेस स्कूलमध्यें 'आंतरराष्ट्रीय व्यापार व राजकारण' अशी तीन वर्षांची पदवी इंग्रजींतून आहे. पॅरिसची सिआंस पो ही १८७२ पासूनची संस्था. तिनें पदवीच्या शिक्षणासाठीं फ्रान्सच्या निरनिराळ्या गांवांत शाखा काढल्या असून बहुतेक शाखांना एकेक प्रदेश वांटून दिला आहे: ल हाव्र येथें आशिया, मांतों येथें भूमध्यसमुद्र व मध्यपूर्व, नांसी येथें जर्मनीशीं संबंध. तीन वर्षांपैकीं एक वर्ष परदेशांत काढावयाचें. येथें व्यापाराचें अंग कमी. परंतु प्रदेश आधीं आणि विषय नंतर ही योजना मला फार समंजस वाटते.

माहितीपत्रकांत काय पाहावें, हें आतां वेगळें सांगावयास नको. नांवाकडे पाहूं नये. तीन किंवा चार वर्षांत दोन्ही बाजूंचे विद्यार्थी एकाच प्रश्नावर एकत्र बसून काम करतात असा एखादा तरी वर्ग आहे काय. परकी भाषा ऐच्छिक आहे कीं सक्तीची. संख्याशास्त्र आणि हिशेब खरोखर शिकवितात, कीं त्यांची ओळख करून देऊन सोडतात. 'जागतिक नेतृत्व' या नांवाचे तास जितके अधिक, तितकें शिकावयाचें कमी असें मी खुशाल समजतों. गणित चांगलें असलेल्या मुलीला तर अशा तासांत झोप येईल.

भाषेसंबंधीं थोडें सविस्तर लिहितों, कारण घरोघरीं चूक होते ती येथें. पदवी मिळाली कीं भाषा आपोआप येईल, किंवा इंग्रजीवर सर्वत्र भागेल, असें आपण धरून चालतों. अमेरिकेच्या परराष्ट्रखात्याची आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकविणारी एक संस्था आहे. इंग्रजी मातृभाषा असलेल्या प्रौढाला फ्रेंच किंवा स्पॅनिश कामकाजापुरती येण्यास वर्गांतले सहाशे ते साडेसातशे तास लागतात, आणि जपानी, चिनी, कोरियन किंवा अरबी येण्यास सुमारें २२०० तास, असा तिचा अनुभव आहे. रोज एक तास धरला तर २२०० तास म्हणजे सहा वर्षें. तीन वर्षांच्या पदवींत हें कोठें बसावें? म्हणून भाषा पदवीच्या आधीं सुरू करावी, पदवीबरोबर चालू ठेवावी आणि पदवीनंतरहि सोडूं नये. मराठी माणसाला जपानीचें व्याकरण इंग्रजाइतकें परकें वाटत नाहीं. क्रियापद वाक्याच्या शेवटीं येतें, आणि आपल्या विभक्तिप्रत्ययांसारखे शब्द नामाच्या मागून लागतात. कष्ट आहेत ते लिपीचे: नित्य वापराचीं म्हणून जपानी सरकारनें ठरविलेलीं चित्राक्षरेंच २१३६ आहेत. पण ज्यांच्या घरांत रूपें घोकण्याची परंपरा होती त्यांनीं घोकंपट्टीला भ्यावें हें मला पटत नाहीं.

आणि यासाठीं समुद्र ओलांडावा लागत नाहीं. पुण्यांत फर्ग्युसन महाविद्यालयाच्या रस्त्यावर, रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारांत, विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग आहे. जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी, स्पॅनिश या भाषा तेथें शिकवितात. जर्मनसाठीं मॅक्समुल्लर भवन आहे. जपानीच्या सरकारमान्य परीक्षेच्या पांच पायऱ्या असून ती पुण्यांत देतां येते. पुण्याच्या आसपास जर्मन व जपानी कारखाने इतके आहेत कीं तिसऱ्या पायरीपलीकडे गेलेल्या मुलीला जोडविषयाचा खरा अभ्यास चाकण येथेंच होईल.

पदवीचें म्हणाल तर २०२० च्या शिक्षणधोरणानें एक चांगली सोय केली आहे. मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या शाखेंतला दुय्यम विषय घेतां येतो. तीन वर्षांची पदवी किंवा चार वर्षांची ऑनर्स, असे दोन्ही मार्ग खुले आहेत. एप्रिल २०२२ पासून विद्यापीठ अनुदान मंडळानें एकाच वेळीं दोन पदव्यांचा अभ्यास करण्यासहि परवानगी दिली आहे, मात्र दोन्हींच्या वर्गांच्या वेळा एकमेकांवर येऊं नयेत. अर्थशास्त्र किंवा वाणिज्य मुख्य, राज्यशास्त्र दुय्यम, संध्याकाळीं भाषा: ही जोडपदवीच झाली, फक्त तिला भारदस्त नांव नाहीं. पुढें पदव्युत्तर शिक्षणासाठीं दिल्लीची १९६३ पासूनची भारतीय विदेश व्यापार संस्था आहे. राजकारणाकडे ओढा असेल तर जवाहरलाल नेहरू विद्यापीठांतील आंतरराष्ट्रीय अभ्यासाचें विद्यालय आहे, जें १९५५ मध्यें स्वतंत्रपणें निघून १९७० मध्यें त्या विद्यापीठांत सामील झालें. बारावीनंतर सलग पांच वर्षांचा व्यवस्थापनाचा क्रम इंदूरच्या आय. आय. एम. मध्यें २०११ पासून आहे. गणितांत चांगली असलेल्या मुलीनें ती परीक्षा देऊन पाहण्यास हरकत नाहीं.

पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण यांच्यामध्यें एक दोन वर्षें तिनें निर्यातदाराच्या किंवा कस्टम्सचीं कामें करणाऱ्या दलालाच्या कचेरींत घालवावींत असा माझा आग्रह आहे. शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग, लेटर ऑफ क्रेडिट हे कागद पुस्तकांत दोन पानांत संपतात. कचेरींत त्यांतील एक अक्षर चुकलें तर बँक पैसे अडविते. एफ. ओ. बी. आणि सी. आय. एफ. यांत माल बुडाल्यास कोणाचा बुडाला, हे पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळानें १९३६ पासून घालून दिलेले नियम एकदां नुकसान पाहिल्यावर जन्मभर विसरत नाहींत.

घरांतील दोन्ही बंधूंस एकेक शब्द. मुलीच्या वडिलांचें भय मी समजूं शकतों, सी. ए. च्या मागें पोट आहे, आणि जोडपदवीच्या मागें काय आहे हें त्यांस दिसत नाहीं. पण हिशेब पक्का असल्याखेरीज ही जोडणी होतच नाहीं, म्हणून पहिल्या तीन वर्षांत त्यांचा मार्ग आणि मुलीचा मार्ग जवळ जवळ एकच आहे. तेवढ्यापुरतें भांडण नाहीं. थोरल्या काकांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, परराष्ट्रसेवेच्या परीक्षेस कोणतीहि पदवी चालते आणि खुल्या वर्गास बत्तीस वर्षांपर्यंत वयाची मुभा आहे. निवड झालेल्यास एक परकी भाषा नेमून देऊन ती शिकावी लागते. जागा फार थोड्या असतात. तेव्हां ती परीक्षा द्यावी, परंतु साऱ्या शिक्षणाची योजना तिच्याभोवतीं बांधूं नये.

आतां दोन एकर. परदेशच्या शिक्षणाचा खर्च मांडतांना आपण आजच्या भावानें चारहि वर्षांचे रुपये काढतों. २०१४ च्या मध्यास एक डॉलर सुमारें साठ रुपयांस पडे. २०२४ च्या अखेरीस तो सुमारें पंच्याऐंशी रुपयांस पडूं लागला. चाळीस हजार डॉलरांची फी पहिल्या भावानें चोवीस लाख, दुसऱ्या भावानें चौतीस लाख. फी न वाढतां दहा लाख वाढले. राहण्याजेवण्याचा खर्च याहून निराळा. उलट जर्मनींतील सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणीं शिकवणीची फी नाहीं. बाडेन-व्युर्टेंबर्ग प्रांतानें २०१७ पासून युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांस सत्रास १५०० युरो लाविले आहेत, हा त्यांतील एक मोठा अपवाद. पण तेथें पदवीचे वर्ग बहुतांशीं जर्मन भाषेंत चालतात. म्हणजे जी भाषा शिकली तिला फी माफ, जी शिकली नाहीं तिनें दोन एकर विकावेत, असा हा हिशेब आहे.

म्हणून माझें मत असें कीं, यंदां जमीन विकूं नये. आजोबांच्या बोलण्यांतील मायेचा अव्हेर होईल असें कोणी समजूं नये. त्यांना हा हिशेब कागदावर मांडून दाखवावा, त्यांना तो पटेल. शेत एकदां गेलें कीं विहिरीजवळचें परत मिळत नाहीं, आणि अठराव्या वर्षींचा निश्चय बाविसाव्या वर्षीं तसाच राहील कीं नाहीं हें मुलीलाहि आज ठाऊक नाहीं. चार वर्षें पुण्यास किंवा सांगलीसच, मुख्य विषय, दुय्यम विषय, आणि पहिल्या दिवसापासून भाषा. त्यानंतर परदेशीं दीड दोन वर्षांच्या शिक्षणाचा प्रश्न येईल तेव्हां तिची भाषा कोणत्या पायरीवर आहे तें पाहून आजोबांनीं, आणि त्यांच्याबरोबर तिन्ही भावांनीं, काय विकावयाचें, काय गहाण ठेवावयाचें, कीं कांहींच नाहीं, हें ठरवावें. बँकेचें कर्ज काढावयाचें झाल्यास तेंहि तेव्हां कमी लागेल, आणि कमावत्या मुलीच्या नांवावर निघेल.

एक चौकशी मात्र राहिली. आपल्या पत्रांत सासऱ्यांचें म्हणणें आहे, दोन्ही बंधूंचें आहे, मुलीचा केवळ निश्चय आहे; तो कोणत्या प्रदेशाविषयीं, कोणत्या भाषेविषयीं, याचा उल्लेख कोठेंहि नाहीं. कदाचित् तिला तें कोणी विचारलें नसेल. पुढील पत्र तिनें स्वतः लिहावें, आणि कोणता देश व कां, एवढेंच लिहावें. त्याप्रमाणें पुण्यांत वर्ग कोणते, पुस्तकें कोणतीं, तें मी तिला थेट कळवीन.